यांत्रिक इंटरलॉकिंग

यांत्रिक इंटरलॉकिंग ही रेल्वे स्थानके, जंक्शने आणि यार्डे येथील सिग्नल व सांधे परस्परांशी जखडून ठेवणारी व्यवस्था होय. यात सिग्नल व सांधे चालविणारे लिव्हर पोलादी पट्ट्या, खाचा आणि खिट्ट्या यांच्या साहाय्याने असे जोडलेले असतात, की परस्परविरोधी किंवा धोकादायक ठरेल असा मार्ग गाडीला देणे केबिनमधील कर्मचाऱ्याला शक्यच होऊ नये. सांधा योग्य दिशेला लागून कुलूपबंद झाल्याखेरीज त्या मार्गाचा सिग्नल देता येत नाही, आणि सिग्नल एकदा दिल्यावर तो परत घेतल्याखेरीज सांधा हलविता येत नाही, हे तिचे मूलभूत तत्त्व आहे. रेल्वेच्या हिंदी कागदपत्रांत यासाठी ‘अंतर्पाशन’ हा शब्द आढळतो. मराठीत मात्र इंटरलॉकिंग हाच शब्द रूढ आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये विकसित झालेली ही पद्धती पुढे जवळपास शंभर वर्षे जगभरातील रेल्वेसुरक्षेचा पाया होती. विसाव्या शतकात तिची जागा क्रमाने विद्युत रिले आणि संगणक यांनी घेतली. तथापि या नव्या यंत्रणांमधील नियम लोखंडी पट्ट्यांनी घालून दिलेलेच आहेत.

## पार्श्वभूमी

एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गाडी नेण्यासाठी जेथे रुळांची निमुळती, सरकती टोके बसविलेली असतात, त्या जागेला सांधा म्हणतात. एका रुळाचे दोन फाटे होतात त्या दिशेने गाडी सांध्यावर येत असेल तर तो तिच्या दृष्टीने सामोरा सांधा असतो. दोन रूळ एकत्र येतात त्या दिशेने येणाऱ्या गाडीसाठी तोच सांधा पाठमोरा ठरतो. सामोऱ्या सांध्यावर गाडीची दिशा सर्वस्वी सांध्याच्या स्थितीवर अवलंबून असते. टोक रुळाला पूर्ण टेकलेले नसेल, तर पुढील चाके एका मार्गाने आणि मागील चाके दुसऱ्या मार्गाने जाऊन गाडी घसरते.

रेल्वेच्या आरंभीच्या काळात प्रत्येक सांध्यापाशी एक सांधेवाला उभा असे आणि तो जागेवरचाच दांडा हाताने फिरवीत असे. सिग्नल वेगळा मनुष्य चालवी. दोघांमधील ताळमेळ हाक, झेंडा आणि सवय यांवर अवलंबून होता. सांधा एका दिशेला आणि सिग्नल दुसऱ्या दिशेचा, किंवा एकमेकांना छेदणाऱ्या दोन मार्गांचे सिग्नल एकाच वेळी दिलेले, अशी स्थिती उद्भवण्यास कोणताही भौतिक अडथळा नव्हता. गाड्यांची संख्या व वेग वाढत गेला तसा हा धोका वाढला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली, त्या वेळी इंग्लंडमध्येही इंटरलॉकिंगचे पहिले पेटंट नोंदले गेलेले नव्हते.

## इतिहास

### प्रारंभिक प्रयत्न

लंडनमधील ब्रिकलेअर्स आर्म्स जंक्शन येथे १८४३-४४ च्या सुमारास अभियंता चार्ल्स हटन ग्रेगरी यांनी अनेक सिग्नल एकाच ठिकाणाहून चालविण्याची व्यवस्था केली. तेथे सिग्नलच्या तारा घोड्याच्या रिकिबीसारख्या पायकड्यांना जोडल्या होत्या आणि कर्मचारी पायाने दाब देऊन सिग्नल चालवी. परस्परविरोधी सिग्नल एकाच वेळी देता येऊ नयेत अशी योजना या पायकड्यांमध्ये होती. मात्र सांधे या व्यवस्थेबाहेरच राहिले. फ्रान्समध्ये व्हिनिए यांनी १८५० च्या दशकात सांधे व सिग्नल यांना खिट्ट्यांनी जखडण्याची स्वतंत्र पद्धत बसविली.

लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत सुतार म्हणून काम केलेल्या जॉन सॅक्सबी यांनी १८५६ मध्ये सांधे आणि सिग्नल एकत्र चालविणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. तिच्यात एकाच लिव्हरच्या हालचालीने सांधा आणि त्याचा सिग्नल बरोबर हलत असत. त्यामुळे दोहोंत विसंगती राहत नसे. पण ‘आधी सांधा, मग सिग्नल’ हा क्रम त्यात नव्हता. सांधा अर्धवट फिरून अडकला तरी सिग्नलचा हात काही अंशी झुकण्याचा संभव उरत असे.

### केंटिश टाउन

१८५९ मध्ये लंडनमधील हॅम्पस्टेड जंक्शन रेल्वेवरील केंटिश टाउन जंक्शनची पाहणी सरकारी रेल्वे निरीक्षक कर्नल विल्यम योलंड यांनी केली. तेथील चौकटीत विरोधी सिग्नल एकाच वेळी देता येतात हे लक्षात आल्यावर त्यांनी जंक्शन सुरू करण्यास परवानगी नाकारली. तेव्हा ऑस्टिन चेंबर्स यांनी नवी चौकट तयार केली. तीत प्रत्येक लिव्हर पुढचा लिव्हर मोकळा करी आणि विरोधी लिव्हर अडवून ठेवी. म्हणजे हालचालींचा क्रमही यंत्रानेच ठरविला. खऱ्या अर्थाने क्रमबद्ध इंटरलॉकिंगचा आरंभ सामान्यतः येथून मानला जातो. सॅक्सबी यांनी १८६० मध्ये याच तत्त्वावरील सुधारित पेटंट घेतले आणि १८६२ मध्ये जॉन स्टिन्सन फार्मर यांच्या भागीदारीत सॅक्सबी अँड फार्मर ही कंपनी स्थापन केली. या कंपनीच्या लिव्हर फ्रेम पुढे अनेक देशांत पोहोचल्या.

१८७० च्या सुमारास स्टीव्हन्स अँड सन्स या कंपनीने टॅपेट पद्धतीचे इंटरलॉकिंग आणले. रचनेने साधे, आटोपशीर आणि दुरुस्तीस सोपे असल्यामुळे कालांतराने तेच सर्वाधिक प्रचलित झाले.

### कायद्याची सक्ती

इंटरलॉकिंग खर्चिक होते आणि अनेक खाजगी कंपन्या ते बसविण्यास टाळाटाळ करीत. सरकारी निरीक्षक नव्या मार्गांवर आग्रह धरू शकत. जुन्या मार्गांवर मात्र त्यांना केवळ शिफारस करता येई. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे सहलीच्या गाडीचा सुटा झालेला मागील भाग उतारावरून मागे घरंगळत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळला. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले व त्यांत अनेक मुले होती. या दुर्घटनेचे कारण ब्रेक आणि दोन गाड्यांमधील अंतर यांच्याशी निगडित होते. परंतु त्याच वर्षी संमत झालेल्या ब्रिटिश कायद्याने प्रवासी मार्गांवर सलग ब्रेक व ब्लॉक पद्धती यांच्याबरोबरच सांधे-सिग्नलांचे इंटरलॉकिंगही बंधनकारक केले.

## रचना

### लिव्हर फ्रेम

यांत्रिक इंटरलॉकिंगचे केंद्र म्हणजे केबिनमधील लिव्हर फ्रेम होय. केबिन सहसा दुमजली असते. वरच्या मजल्यावर काचेच्या खिडक्यांलगत लिव्हरांची रांग असते आणि खालच्या मजल्यावर जखडणीच्या पट्ट्या, तसेच बाहेर जाणाऱ्या तारा व दांडे असतात. लिव्हरच्या मुठीमागे एक खटका असतो. तो दाबला असता लिव्हर चौकटीच्या खाचेतून सुटतो आणि ओढता येतो. लिव्हरच्या दोनच स्थिती मान्य असतात: मूळ स्थिती आणि ओढलेली स्थिती.

लिव्हर ओळखता यावेत म्हणून त्यांना ठरावीक रंग देतात. भारतात आणि ब्रिटनमध्ये थांबा दर्शविणाऱ्या सिग्नलांचे लिव्हर लाल, सांध्यांचे काळे, सांध्याच्या कुलपांचे निळे, फाटकांचे तपकिरी आणि वापरात नसलेले पांढरे असतात. पूर्वसूचना देणाऱ्या डिस्टंट सिग्नलचा लिव्हर पिवळा असतो.

फ्रेमचा आकार स्थानकाच्या विस्तारानुसार बदलतो. लहान स्थानकावर सहा-आठ लिव्हर पुरतात. इंग्लंडमधील यॉर्क येथे १९०९ साली सुरू झालेल्या लोकोमोटिव्ह यार्ड केबिनमध्ये २९५ लिव्हर होते. श्रूजबरी येथील सेव्हर्न ब्रिज जंक्शन केबिनची फ्रेम १८० लिव्हरांची आहे.

### टॅपेट जखडणी

टॅपेट पद्धतीत प्रत्येक लिव्हरला एक चपटी पोलादी पट्टी जोडलेली असते. लिव्हर ओढला की पट्टी आपल्या लांबीच्या दिशेने काही सेंटीमीटर सरकते. या सर्व पट्ट्या एका पसरट पेटीत एकमेकींना समांतर बसविलेल्या असतात. पट्ट्यांना काटकोनात जाणाऱ्या खोबणींमध्ये लहान पोलादी खिट्ट्या डावी-उजवीकडे सरकू शकतात. पट्टीच्या कडांना तिरप्या बाजू असलेल्या खाचा कापलेल्या असतात व खिट्टीचे टोक त्याच आकाराचे असते.

दोन पट्ट्यांच्या मधोमध एकच खिट्टी आहे असे मानल्यास कार्य सहज समजते. खिट्टीची लांबी अशी ठेवलेली असते, की तिचे निदान एक टोक कोणत्या ना कोणत्या पट्टीच्या खाचेत असलेच पाहिजे. पहिला लिव्हर ओढताच त्याची पट्टी सरकते, खाचेची तिरपी बाजू खिट्टीला बाहेर ढकलते आणि खिट्टीचे दुसरे टोक शेजारच्या पट्टीच्या खाचेत घुसते. आता मागे सरकण्यास जागा नसल्यामुळे शेजारची पट्टी जखडली जाते. याउलट शेजारची पट्टी आधीच सरकलेली असेल, तर तिची खाच खिट्टीसमोर नसते. खिट्टी बाहेर पडू शकत नाही, म्हणून पहिला लिव्हर मुळीच हलत नाही.

एकमेकींपासून दूर असलेल्या पट्ट्यांच्या खिट्ट्या लांब आडव्या सळीने जोडलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या लिव्हरची हालचाल चाळिसाव्या लिव्हरलाही अडवू शकते. या संपूर्ण रचनेत स्प्रिंग, वीज किंवा कोणतीही नाजूक वस्तू नसते.

### खटक्याने चालणारी जखडणी

सॅक्सबी अँड फार्मर यांनी १८७० च्या दशकात विकसित केलेल्या फ्रेममध्ये जखडणी लिव्हरऐवजी मुठीच्या खटक्याला जोडलेली होती. खटका दाबताच, म्हणजे लिव्हर प्रत्यक्ष हलण्यापूर्वीच, विरोधी लिव्हर अडविले जात. लिव्हर पूर्ण ओढून खटका दुसऱ्या खाचेत पडला म्हणजेच पुढचे लिव्हर मोकळे होत. हालचालीचा हेतू व्यक्त होताच बंदी लागू व्हावी, आणि हालचाल पूर्ण झाल्यावरच परवानगी मिळावी, असा हा क्रम होता. शिवाय लिव्हर ओढताना लागणारा बाहूचा संपूर्ण जोर खिट्ट्यांवर न येता केवळ खटक्याचा हलका दाब त्यांच्यावर येई.

## जखडणीचे प्रकार

यांत्रिक इंटरलॉकिंगमधील सर्व नियम पुढील चार प्रकारांत बसतात.

* विरोधी जखडणी – एक लिव्हर ओढलेला असता दुसरा मूळ स्थितीत अडकून राहतो. ही जखडणी आपोआप दुहेरी असते: ‘अ’ने ‘ब’ अडत असेल, तर ‘ब’ने ‘अ’ अडतोच.
* मोकळीक – एक लिव्हर ओढल्याखेरीज दुसरा ओढता येत नाही. दुसरा ओढल्यावर पहिला परत ठेवता येत नाही, हा त्याचाच व्यत्यास होय.
* दोन्ही स्थितींतील जखडणी – एक लिव्हर ओढला असता दुसरा ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत जखडला जातो. यासाठी दुसऱ्या पट्टीला दोन खाचा असतात. सांध्याच्या कुलपासाठी हा प्रकार वापरतात.
* सशर्त जखडणी – तिसरा लिव्हर विशिष्ट स्थितीत असेल तरच पहिल्याने दुसरा अडतो. यासाठी तिसऱ्या पट्टीवर बसविलेली जादा खिट्टी दोन खिट्ट्यांमधील दुवा म्हणून काम करते.

## उदाहरण

एकेरी मार्गावरील लहान स्थानकाचे एक टोक विचारात घेऊ. तेथे एका सांध्यावर मुख्य रूळ आणि लूप रूळ असे दोन फाटे होतात. सहा लिव्हरांची सरलीकृत फ्रेम पुढीलप्रमाणे असेल. येथे सांधा मूळ स्थितीत मुख्य रुळाकडे लागलेला असतो आणि कुलपाचा लिव्हर ओढल्यावर कुलूप बंद होते.

| लिव्हर | कार्य | आवश्यक अट | थेट अडविले जाणारे लिव्हर |
|---|---|---|---|
| १ | मुख्य रुळावर येण्याचा होम सिग्नल | ३ ओढलेला, ४ मूळ स्थितीत | ५ |
| २ | लूपवर येण्याचा होम सिग्नल | ३ ओढलेला, ४ ओढलेला | ६ |
| ३ | सांध्याचे कुलूप | नाही | ४ (दोन्ही स्थितींत) |
| ४ | सांधा | ३ मूळ स्थितीत | नाही |
| ५ | मुख्य रुळावरून सुटण्याचा सिग्नल | ४ मूळ स्थितीत | १ |
| ६ | लूपवरून सुटण्याचा सिग्नल | ४ ओढलेला | २ |

गाडी लूपवर घ्यावयाची असल्यास केबिनमन प्रथम ४ ओढून सांधा लूपकडे लावतो. नंतर ३ ओढून कुलूप बंद करतो. त्यामुळे ४ जखडला जातो. त्यानंतरच २ ओढता येतो आणि सिग्नल मिळतो. सिग्नल दिलेला असताना ३ परत ठेवता येत नाही, म्हणून ४ हलविता येत नाही. गाडी आत आल्यावर २, ३, ४ या उलट क्रमानेच सर्व पूर्ववत करावे लागते. अन्य कोणताही क्रम यंत्र स्वीकारीत नाही.

१ आणि २ या दोन सिग्नलांमध्ये थेट जखडणी दिलेली नाही, हे येथे लक्षणीय आहे. १ साठी ४ मूळ स्थितीत हवा आणि २ साठी तोच ओढलेला हवा; सांधा एका वेळी दोन स्थितींत असू शकत नाही, म्हणून दोन्ही सिग्नल एकत्र येणे आपोआप अशक्य होते. १ व ६, २ व ५ आणि ५ व ६ या जोड्यांनाही हेच लागू पडते. एकाच सांध्याच्या स्थितीत परस्परविरोधी ठरणाऱ्या दोनच जोड्या उरतात: १ व ५, तसेच २ व ६. यांत एक गाडी आत येत असताना दुसरी त्याच एकेरी मार्गावर समोरून सोडली जाण्याचा धोका असतो. म्हणून तेवढ्याच दोन ठिकाणी थेट खिट्टी लागते. कमीत कमी खिट्ट्यांत संपूर्ण सुरक्षितता साधणे हे जखडणीचा तक्ता आखणाऱ्या अभियंत्याचे कौशल्य मानले जाई.

सहा लिव्हरांच्या दोन-दोन स्थिती धरल्यास एकूण ६४ मांडण्या संभवतात. वरील नियमांनी त्यांपैकी केवळ १० शिल्लक राहतात व उरलेल्या ५४ यंत्रच होऊ देत नाही. या अर्थाने लिव्हर फ्रेम हे ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ या तार्किक क्रिया पोलादात उतरविणारे यंत्र आहे. तर्कशास्त्राला बीजगणिताचे रूप देणारा जॉर्ज बूल यांचा प्रमुख ग्रंथ १८५४ मध्ये, म्हणजे सॅक्सबी यांच्या पहिल्या पेटंटच्या दोन वर्षे आधी प्रसिद्ध झाला होता.

## केबिनबाहेरील साधने

फ्रेममधील जखडणी केवळ लिव्हरांची स्थिती जाणते. बाहेर सांधा खरोखर हलला आहे की नाही, हे तिला ठाऊक नसते. दांडा तुटला तर लिव्हर ओढला जाईल, पण सांधा जागचा हलणार नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील साधने वापरली जातात.

### दांडे व समतोलक

सांधे लोखंडी दांड्यांनी वा नळ्यांनी चालवितात; हे दांडे लहान चाकांवर टेकलेले असतात. उष्णतेने त्यांची लांबी बदलते. ३०० मीटर लांबीचा पोलादी दांडा तापमानातील ४० अंश सेल्सियसच्या फरकाने सुमारे १४ सेंटीमीटर वाढतो. सांध्याच्या टोकाची हालचाल सुमारे ११ ते १२ सेंटीमीटरच असते. म्हणजे काहीच योजना न केल्यास उन्हाने होणारी वाढ सांध्याच्या संपूर्ण हालचालीहूनही अधिक ठरेल. यासाठी दांड्याच्या मध्यावर समतोलक बसवितात. त्यामुळे एका बाजूला दांडा पुढे गेला की दुसऱ्या बाजूला तो मागे जातो. दोन्ही भागांची वाढ समान असल्यामुळे ती एकमेकींना छेदते आणि सांध्यावर तिचा परिणाम होत नाही.

### सांध्याचे कुलूप

सामोऱ्या सांध्याची दोन्ही टोके जोडणाऱ्या आडव्या पट्टीला दोन खाचा असतात: प्रत्येक दिशेसाठी एक. कुलपाचा लिव्हर ओढला की एक अडसर त्यांपैकी समोर असलेल्या खाचेत शिरतो. सांधा पूर्णपणे लागलेला नसेल तर खाच अडसरासमोर येत नाही, अडसर आत जात नाही, लिव्हर पूर्ण ओढला जात नाही, आणि म्हणून सिग्नलही देता येत नाही.

### लॉक बार

गाडी सांध्यावर असतानाच कोणी कुलूप उघडून सांधा फिरवू नये यासाठी सांध्यापूर्वी रुळाच्या आतील बाजूस एक लांब लोखंडी पट्टी बसवितात. कुलूप उघडताना ही पट्टी क्षणभर वर उचलली जाणे आवश्यक असते. वर चाके उभी असतील तर ती उचलली जात नाही आणि कुलूप बंदच राहते. डब्याच्या लगतच्या दोन चाकजोड्यांमधील सर्वांत मोठ्या अंतराहून ही पट्टी अधिक लांब ठेवतात, जेणेकरून डबा उभा असताना तिच्यावर निदान एक चाक असेलच.

### डिटेक्टर

डिटेक्टर सांध्याजवळ बसविलेला असतो. सिग्नलच्या तारेला जोडलेली पट्टी आणि सांध्याच्या टोकाला जोडलेली पट्टी त्यात एकमेकींना छेदतात. दोन्हींच्या खाचा जुळल्या तरच सिग्नलची तार पुढे सरकते. अशा रीतीने सिग्नल लिव्हरवर विसंबून न राहता सांध्याची प्रत्यक्ष स्थिती तपासतो.

### सिग्नलच्या तारा

सिग्नल चालविण्यासाठी पोलादी तार पुरते, कारण हात परत आडवा करण्याचे काम प्रतिभार किंवा हाताचे स्वतःचे वजन करते. तार तुटली तर सिग्नल थांबण्याच्या स्थितीत जातो. बिघाडाचा कल सुरक्षिततेकडे असावा, हे रेल्वे सिग्नलिंगचे सर्वमान्य सूत्र येथे दिसते. जुन्या पद्धतीच्या सिग्नलचा आडवा हात खाली झुकला की गाडीला मोकळीक मिळे. ‘सिग्नल पडला’ हा मराठीतील वाक्प्रयोग याच हालचालीवरून आला आहे.

## मर्यादा

यांत्रिक इंटरलॉकिंग लिव्हरांमधील विसंगती रोखते. परंतु रुळावर गाडी उभी आहे किंवा नाही, हे तिला कळत नाही. दोन अपघातांनी ही मर्यादा ठळकपणे पुढे आणली.

२४ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील हॉज जंक्शन येथे सुटण्याच्या सिग्नलपाशी उभ्या असलेल्या दोन मोकळ्या इंजिनांचा कामाच्या गर्दीत केबिनमनला विसर पडला. त्याने मागून येणाऱ्या एक्स्प्रेससाठी सिग्नल दिले. तो सिग्नल आपल्यासाठीच आहे असे समजून इंजिनेही निघाली आणि एक्स्प्रेस त्यांच्यावर आदळली. या अपघातात १२ जण मरण पावले.

२२ मे १९१५ रोजी स्कॉटलंडमधील क्विंटिन्शिल येथे एक लोकल गाडी तात्पुरती विरुद्ध दिशेच्या मुख्य रुळावर नेऊन उभी करण्यात आली होती. सांधे पूर्ववत झाल्यावर यंत्राच्या दृष्टीने तो रूळ पुन्हा मोकळा होता. केबिनमधील कामाची पाळी बदलत असताना तिचा विसर पडला आणि सैनिकांना घेऊन येणाऱ्या गाडीला सिग्नल मिळाले. टकरीनंतर लंडनहून येणारी एक्स्प्रेसही त्या अवशेषांवर आदळली. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ब्रिटिश रेल्वेच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण दुर्घटना मानली जाते. अशा वेळी लिव्हरच्या मुठीत लोखंडी कडे अडकवून ठेवण्याचा नियम होता. कडे असताना लिव्हर ओढता येत नाही व गाडीची आठवण राहते. ते कडे त्या दिवशी लावलेले नव्हते. दोन्ही ठिकाणी इंटरलॉकिंगमध्ये कोणताही बिघाड झाला नव्हता.

याचे उत्तर ट्रॅक सर्किटमध्ये मिळाले. अमेरिकन अभियंता विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या या व्यवस्थेत रुळांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले गेले की रिलेला मिळणारा प्रवाह बंद पडतो. हा रिले लिव्हरवरील विद्युत कुलपाला जोडला असता रूळ व्यापलेला असेपर्यंत सिग्नलचा लिव्हर ओढता येत नाही. हॉज जंक्शननंतर मिडलंड रेल्वेने ट्रॅक सर्किटांचा वापर मोठ्या प्रमाणावर वाढविला.

## देखभाल

खिट्ट्या आणि खाचा झिजल्या की जखडणी सैल होते आणि मनाई असलेला लिव्हर काही प्रमाणात हलू लागतो. म्हणून पट्ट्यांची नियमित सफाई, तेलपाणी आणि तपासणी करावी लागते. तपासणीत प्रत्येक लिव्हर ओढून त्याच्या विरोधातील सर्व लिव्हर ओढून पाहतात. ते हलता कामा नयेत. त्याचबरोबर मान्य हालचाली विनासायास होतात की नाही हेही पाहतात. जखडणीची पेटी कुलूप व मोहोर लावून बंद ठेवतात, जेणेकरून अधिकृत कर्मचाऱ्याखेरीज कोणी तिला हात लावू नये.

## भारतातील वापर

भारतात १८९० च्या दशकात लिस्ट आणि मॉर्स यांनी मांडलेली साधी पद्धत तत्कालीन नॉर्थ वेस्टर्न रेल्वेवर वापरात आली. मोठ्या केबिनी आणि लांबच लांब दांडे यांचा खर्च भारतातील विरळ रहदारीच्या स्थानकांना परवडणारा नव्हता. या पद्धतीत सांधा जागेवरच हाताने फिरवून कुलूपबंद केला जाई. कुलूप लागल्यावरच त्याची किल्ली बाहेर निघे. तीच किल्ली स्थानकावरील सिग्नल लिव्हरच्या कुलपात घातल्याशिवाय सिग्नल देता येत नसे. किल्ली एकच असल्यामुळे ती एकतर सांध्यात अडकलेली असे किंवा सिग्नलमध्ये. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी असणे अशक्य होते. किल्ली घेऊन सांध्यापासून स्थानकापर्यंत चालत जाण्याचा वेळ वाचविण्यासाठी पुढे हेपर यांचे विद्युत किल्ली-प्रेषक यंत्र वापरात आले. त्यात एका टोकाला किल्ली अडकवली की दुसऱ्या टोकाची तशीच किल्ली मोकळी होते.

मोठ्या जंक्शनांवर इंग्लंडच्या धर्तीवर केबिनी उभारल्या गेल्या. सॅक्सबी अँड फार्मर या नावाची कंपनी कोलकात्यातही स्थापन झाली होती.

भारतीय रेल्वेत इंटरलॉकिंगचे दर्जे ठरविलेले असून स्थानकातून थांबा न घेता जाणाऱ्या गाड्यांचा अनुज्ञेय वेग त्या दर्जावर अवलंबून असतो. इंटरलॉकिंग नसलेल्या सामोऱ्या सांध्यावरून गाडीचा वेग ताशी १५ किलोमीटरपेक्षा अधिक ठेवता येत नाही. स्थानकावर नवे रूळ जोडताना जुने इंटरलॉकिंग काही दिवस बंद ठेवावे लागते. या काळातील ‘नॉन-इंटरलॉकिंग’ कामामुळे गाड्या रद्द झाल्याच्या किंवा त्यांचे मार्ग बदलल्याच्या सूचना प्रवाशांना परिचित आहेत. त्यामागे वेगावर आणि हालचालींवर येणारे हेच निर्बंध असतात.

## उत्तराधिकारी पद्धती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीज आणि संपीडित हवा यांच्या साहाय्याने सांधे व सिग्नल चालविले जाऊ लागले. मात्र लिव्हर लहान झाले तरी त्यांच्यामधील जखडणी बराच काळ यांत्रिकच राहिली. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये रिलेवर आधारित इंटरलॉकिंग आले. त्यात खिट्ट्यांची जागा विद्युत संपर्कांनी घेतली. १९३७ मध्ये लिव्हरपूलमधील ब्रन्सविक येथे प्रवेश आणि निर्गमन अशी दोन बटणे दाबून संपूर्ण मार्ग लावण्याची पद्धत सुरू झाली. १९८५ मध्ये इंग्लंडमधील लेमिंग्टन स्पा येथे संगणकाधारित इंटरलॉकिंग कार्यान्वित झाले. भारतीय रेल्वेवरही लिव्हर फ्रेमची जागा पॅनेल, रूट रिले आणि इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगने घेतली आहे.

साधन बदलले तरी ‘सांध्याची प्रत्यक्ष स्थिती तपासल्याशिवाय सिग्नल नाही’ ही अट कायम आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळालेला असताना सांधा लूपकडे लागलेला होता. गाडी लूपवर उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या विद्युत जोडणीत फेरबदल करताना झालेल्या त्रुटी कारणीभूत ठरल्याचे आढळले. सिग्नल आणि सांधा यांच्यामधील याच विसंगतीला अटकाव करण्यासाठी इंटरलॉकिंग अस्तित्वात आले होते.

## हे सुद्धा पहा

* रेल्वे सिग्नल
* ब्लॉक पद्धती
* ट्रॅक सर्किट
* भारतीय रेल्वे
* ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे